चिठ्ठी टाकण्याआधी ठरवायचे ते

प्रश्न : मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या अध्यक्षपदासाठी दोघे उभे होते. दोघांनाही १२-१२ मते पडली. काही जण म्हणतात चिठ्ठी टाका, काही म्हणतात मावळत्या अध्यक्षांना जादा मत द्या. बरोबर काय?

उत्तर : आधी फेरमोजणी करा आणि बाद मतपत्रिका पुन्हा पाहा. ओल्या शाईचा शिक्का घडीमुळे दुसऱ्या नावावरही उमटतो आणि दोन शिक्के म्हणून मत बाद होते. असा उमटलेला शिक्का आरशातल्यासारखा उलटा दिसतो, त्यावरून खरा कुठला ते कळते. असे एक मत जरी सापडले तरी बरोबरी सुटते.

मग मंडळाची घटना उघडा. अध्यक्षांचे निर्णायक मत तिथे लिहिलेले असेल तरच चालेल. ते फक्त ठरावापुरते आहे की निवडणुकीलाही, हेही वाचा. मावळते अध्यक्ष स्वतःच उमेदवार असतील तर आमच्या मते हा मार्ग नकोच.

राहिली चिठ्ठी. निघालेले नाव जिंकणार की बाद होणार, हे डबा हातात घेण्याआधी इतिवृत्तात लिहा. लोकसभा-विधानसभेला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे ज्याचे नाव निघेल त्याला एक जादा मत मिळाले असे धरतात. राज्यसभेत उलटे घडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात ३४-३४ अशी बरोबरी झाली. चिठ्ठी अभिषेक मनू सिंघवी यांच्या नावाची निघाली आणि विजयी ठरले हर्ष महाजन, कारण तिथे चिठ्ठी बाद कोणाला करायचे यासाठी काढली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

दोन्ही चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच पेनाने लिहिलेल्या, सारख्याच घड्यांच्या हव्यात. लिहिलेली नावे सर्वांना दाखवा, मगच घडी घाला. स्टीलचा डबा उपडा करून रिकामा असल्याचे दाखवा. चिठ्ठी मतदार नसलेल्याने काढावी. उरलेली चिठ्ठीही तिथेच उघडा, नाहीतर ‘दोन्हींवर एकच नाव होते’ ही कुजबुज वर्षभर पेठेत फिरते. दोन्ही चिठ्ठ्या सह्यांसह पाकिटात ठेवा.

प्रश्न : राजारामपुरीतल्या आमच्या महिला मंडळात पदवीधर मतदारसंघासारखे पसंतीक्रमाने मतदान घेणार आहोत. त्यात तरी बरोबरी होणार नाही ना?

उत्तर : होते, आणि तळाशी झाली तर निकालच फिरवते. या पद्धतीत कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. समजा २० मते आहेत. पहिल्या पसंतीची ‘अ’ला ८, ‘ब’ला ६, ‘क’ला ६. ‘क’ बाद झाल्या आणि त्यांची ५ मते ‘ब’कडे, १ ‘अ’कडे गेले, तर ‘ब’ ११-९ ने जिंकतात. ‘ब’ बाद झाल्या आणि त्यांची मते ३-३ वाटली गेली, तर ‘अ’ ११-९ ने जिंकतात. मतपत्रिका त्याच!

राज्यसभेच्या नियमात अशा वेळी पहिल्या पसंतीची मते ज्याची कमी तो बाद होतो, तीही सारखी असतील तर चिठ्ठी. पहिल्याच फेरीत हा नियम उपयोगी पडत नाही. छोट्या मंडळाला आम्ही सुचवू की सगळ्या २० पत्रिकांवर ‘ब’ आणि ‘क’ यांपैकी वर कोण, एवढेच मोजा. ‘अ’च्या ८ पत्रिकांपैकी ५ वर ‘ब’ वर असतील, तर ‘ब’ ११, ‘क’ ९, म्हणून ‘क’ बाद. तिथेही १०-१० झाले तरच चिठ्ठी. आणि हा क्रम अर्ज भरण्याच्या सूचनेतच छापा. मोजणी सुरू झाल्यावर काढलेला नियम कोणाच्या तरी बाजूचाच वाटतो.