मित्रांबरोबर ट्रॅकसाठी टर्बोवाली किट कार बांधायची आहे. टर्बो कुठला घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही साताऱ्यातले पाच मित्र आहात, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, जमवाजमव करून पाच लाख उभे राहतील आणि सध्या टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून आत जादा हवा दाबणारा पंखा) कुठला घ्यायचा यावर वाद चाललाय. मी सांगलीचा. आम्ही चौघांनी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मित्राच्या शेडमध्ये अशीच गाडी बांधली. २०१७ च्या दसऱ्याला पहिला पाईप कापला, २०२२ च्या सुरुवातीला गाडी ट्रॅकवर गेली आणि टर्बो लागला तो २०२३ च्या दिवाळीनंतर. म्हणून तुमचा वाद आत्ता मिटवूच नका असं मी म्हणेन. टर्बोशिवाय गाडी पुरी करा, एक हंगाम चालवा, ती सरळ थांबते आणि तापत नाही याची खात्री करा, आणि मग टर्बोला हात घाला. आम्ही हे शहाणपणानं नाही केलं, पैसे संपले म्हणून तसं झालं. पण झालं ते बरंच झालं.

आधी ‘किट’ या शब्दाबद्दल. इंग्लंडमध्ये १९५७ साली लोटस सेव्हन आली, ती सुट्या भागांत विकत मिळायची आणि घरी जोडली की खरेदीवरचा कर वाचायचा. १९७३ पासून तिचेच हक्क घेऊन कॅटरहॅम ती बनवते. जेमतेम पाचशे किलोची गाडी. तसं तयार किट आपल्याकडे मागवायचं म्हटलं तर जकातीतच तुमचे पाच लाख जातील. त्यामुळे इथं किट कार म्हणजे एक जुनी गाडी विकत घेऊन तिचं इंजिन, गिअरबॉक्स, हब, स्टिअरिंग काढायचं आणि पाईपची चासी स्वतः उभी करायची.

ही गाडी रस्त्यावर येणार नाही, हे पाचही जणांनी आजच मान्य करा. टाईप अप्रूव्हल (गाडीच्या मॉडेलला मिळणारी सरकारी मान्यता) नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून विमा नाही. येवतेश्वरच्या घाटात पहाटे एकच चक्कर मारू, असं कुणीतरी म्हणेलच. आमच्यातही एक जण म्हणाला होता. समोरून दूधवाला आला तर त्याला भरपाई कोण देणार, एवढंच त्याला विचारलं आणि विषय संपला. गाडी ट्रॅकवर न्यायची ती आयशरमध्ये घालून. आणि जुनी गाडी घेताना कागद पूर्ण घ्या, मोडल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आरटीओत कळवून आरसी रद्द करून घ्या. कागद नसलेलं इंजिन स्वस्त मिळतं, पण ते चोरीचं निघालं तर करिअरच्या सुरुवातीलाच पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

आम्ही मारुती एस्टीम घेतली, १६ व्हॉल्व्हची, १.३ लिटर, ८५ हॉर्सपॉवर. कोइम्बतूरला पळणाऱ्या फॉर्म्युला एलजीबी ४ गाड्यांतही स्विफ्टचं १.३ लिटरचंच इंजिन असतं, आणि ही इंजिनं एकाच घराण्यातली. सुटे भाग मिळतात, आणि आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला ती डोळे झाकून उघडता येतात. एस्टीमचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. आम्ही ते अख्खं गिअरबॉक्ससकट उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलं. पुढच्या चाकांचे हब मागे आले, आणि ती चाकं वळू नयेत म्हणून टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्या, चासीला पक्के केले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ते इंजिन गावभागातल्या मित्राच्या घरी होतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माणसं बाहेर काढायची की इंजिन? आठ दिवसांनी पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर इंजिनावर बोटभर गाळ. प्लग काढले तर आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. त्याच्या आईनं घर धुवायला काढलं होतं, आणि त्या माउलीनं एका घमेल्यात आमच्यासाठी रॉकेल बाजूला ठेवलं होतं. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, वाचले नाहीत. पुढच्या मापाचे पिस्टन टाकून बोअर करून घ्यावे लागले. पण त्या निमित्तानं प्रत्येक बेअरिंग हातात घेतलं, आणि इंजिन आतून असं ओळखीचं झालं नसतं तर टर्बो बसवायचा धीर झाला नसता.

चासीसाठी २५ मिलिमीटरचा चौकोनी पाईप, १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर जाड. आधी सपाट टेबल तयार करा. आधी सगळे सांधे नुसते टॅक मारून, म्हणजे ठिपक्यापुरते जोडून घ्या, माप तिरकं तपासा आणि मग सीओटूनं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं वेल्डिंग भरा. एकाच बाजूनं सलग भरत गेलात तर चासी केळ्यासारखी वाकते. रोल बारला, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीला, मात्र हा पाईप चालणार नाही. तिथं सीमलेस कोल्ड ड्रॉन पाईपच लागतो. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या नियमात मुख्य हूपला, म्हणजे डोक्यामागच्या कमानीला, ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० आणि २ सांगितलीय. तेवढाच घ्या. हेल्मेट घालून बसल्यावर हूप डोक्याच्या किमान पाच सेंटिमीटर वर हवा. खांद्याचे बेल्ट मागे जवळजवळ आडवे जाऊ द्या. ते खाली फ्लोअरला बांधले तर आपटल्यावर सगळा दाब मणक्यावर येतो. यात कुणाच्याही मताला किंमत देऊ नका, नियमाला द्या.

आता ब्रेक. व्हॅक्युमचा बूस्टर काढला की पेडलची पट, म्हणजे तरफेनं जोर किती पट होतो ते, वाढवावी लागते, आम्ही सहाची ठेवली. पायानं ५० किलो जोर दिला तर मास्टर सिलिंडरवर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलाला देणारा पंप) ३०० किलो जातो, आणि तेवढाच जोर उलटा पुढच्या पत्र्यावर येतो. हवा चार वेळा काढली तरी पेडल मऊच. तेलात हवा आहे म्हणून पाचव्यांदा काढायला बसलो, तेव्हा आमच्यातला जो लेथवर काम करतो तो नुसता गाडीखाली आडवा झाला, मास्टर सिलिंडरच्या बुडाशी बोट लावलं आणि मला म्हणाला, “दाब.” मी दाबलं. “परत दाब.” मग त्यानं मला खाली बोलावलं आणि माझं बोट तिथं ठेवलं. तो पेडल हातानं रेटत होता आणि दोन मिलिमीटरचा पत्रा श्वास घेतल्यासारखा दोन सूत पुढेमागे होत होता. हवा नव्हतीच. तीन मिलिमीटरचा अँगल आडवा मारला आणि पेडल दगडासारखं झालं. दहा हॉर्सपॉवर वाढल्याचं कळायला डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, लागतो, पण हा फरक पायाला पहिल्या वळणावर कळला.

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असेल तर पाण्याचे पाईप दोन-अडीच मीटर लांब होतात आणि वर जिथं बाक येईल तिथं हवा अडकते. तापमानाचा काटा शांत दिसतो आणि इंजिनाचं हेड मात्र भाजत असतं. सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू ठेवा, गाडीचं नाक जॅकनं वर करून पाणी भरा.

वजनाचं सांगतो, कारण साताऱ्यातही हे सहज जमेल. चार चाकांखाली चार काटे ठेवून गाडी तोलायची असते. रेसिंगचे काटे परवडणारे नव्हते. मार्केट यार्डात हळदीची पोती तोलायचे इलेक्ट्रॉनिक काटे असतात. ओळखीच्या अडत्याकडून रविवारी चार आणले, पातळी लावून घेतली, ड्रायव्हर आत बसवला. एकूण ६४० किलो. पुढचं डावं १५२, पुढचं उजवं १२३, मागचं डावं १६८, मागचं उजवं १९७. डावीकडे-उजवीकडे बेरीज सारखी येते म्हणून आम्ही खूश झालो होतो. मग तिरक्या जोड्या केल्या, तर एक ३४९ आणि दुसरी २९१. म्हणजे गाडी तीन पायांच्या स्टुलासारखी उभी होती. जोरात ब्रेक मारला की उजवं पुढचं चाक आधी घसटायचं, त्याचं कारण हे. स्प्रिंगच्या चकत्या फिरवून दोन्ही जोड्या ३२२ आणि ३१८ वर आणायला दुपार गेली. काटे परत करताना अडत्यानं विचारलं, किती भरली? सांगितलं तर म्हणाला, आठ-दहा पोत्यांएवढीच की.

ड्रायव्हरशिवाय ५७० किलो आणि ८५ हॉर्सपॉवर, म्हणजे टनामागे दीडशेच्या घरात. मूळ एस्टीमला हाच आकडा शंभराच्या आत होता. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी फिरवली तेव्हा टर्बोची आठवणही कुणाला आली नाही. म्हणूनच सांगतो, आधी तेवढं चालवा.

टर्बोकडे येऊ. स्विफ्ट डिझेलचा टर्बो भंगारात स्वस्त मिळतो म्हणून सगळे तिकडे धावतात. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड असतो. डिझेलचा टर्बो साधारण साडेआठशे अंशांच्या हिशेबानं केलेला असतो, आणि पेट्रोल इंजिनाचा धूर ट्रॅकवर साडेनऊशेला जातो. शिवाय त्याची वेस्टगेट (जादा धूर बाजूनं सोडणारी झडप) लहान पडते, वरच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब, हाताबाहेर चढत जातो. अपघातात गेलेल्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल गाडीचा टर्बो शोधा. जास्त पैसे लागतात, पण तो या कामासाठीच केलेला असतो.

इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) साडेनऊच्या आसपास असेल तर बूस्ट ०.४ बार, म्हणजे सहा पीएसआयच्या वर जाऊ नका. कागदावर हिशेब ८५ गुणिले १.४, म्हणजे ११९. प्रत्यक्षात तेवढे येत नाहीत, कारण दाबलेली हवा तापते. ती थंड करणारा इंटरकूलर घाला, पण मागच्या इंजिनाला तो वारा मिळेल अशा जागी. बूस्टमध्ये मिश्रण घट्ट ठेवा, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त, आणि टायमिंग मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडू द्या. गाडीचा साधा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे करणार नाही. आम्ही स्पीडुइनो वापरला, तो खुला प्रकल्प आहे, बोर्ड स्वतः जोडता येतो. मिश्रण बघायला धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर हवाच. आणि एक आपल्या भागाची गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. इथेनॉलमुळे नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक, कमी होतं, ही जमेची बाजू. पण इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, तो आकडा इथं साडेतेराच्या आसपास येतो, त्यामुळे जुने तक्ते जसेच्या तसे भरू नका, लॅम्डावर, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती या प्रमाणावर, काम करा. एस्टीमच्या काळातले रबरी होज इथेनॉलनं मऊ पडतात, सगळे बदला.

मॅनिफोल्डसाठी, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या पाईपांसाठी, साखर कारखान्यांना वाफेच्या लाइनचे बेंड पुरवणारे दुकानदार गाठा. जाड भिंतीचे बेंड, वेल्डिंगला उत्तम. फ्लँज, म्हणजे बोल्टनं जोडायची जाड पट्टी, दहा-बारा मिलिमीटरची घ्या आणि वेल्डिंग झाल्यावरच तिचा फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून घ्या, कारण ती वाकतेच.

आता तेल. टर्बोची कांडी मिनिटाला लाखाच्या वर फिरते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते. तेल आत जातं दाबानं, पण बाहेर येतं फक्त स्वतःच्या वजनानं, तेही फेसाळलेलं. आम्ही परतीचा पाईप रबरी घेतला होता आणि इंजिन माउंटला वळसा घालून नेला होता. ट्रॅकवर चौथ्या फेरीला मागून निळा धूर, इतका की मागच्या गाडीला दिसेना. टर्बो गेला म्हणून खाली बसलो, एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. उघडलं तर टर्बो ठणठणीत. पाईप वळणावर उष्णतेनं चपटा झाला होता, बोटानं दाबलेल्या स्ट्रॉसारखा. तेलाला खाली जायला वाट नाही म्हणून ते सीलमधून सायलेन्सरकडे निघालं होतं. आता तिथं १९ मिलिमीटरचा लोखंडी पाईप आहे, सरळ खाली जाणारा, संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीच्या वर आर्गन वेल्डिंगनं जोडलेला. तुमच्या गाडीची जागा ठरवताना आधी हा पाईप काढा, मग त्याच्यावर टर्बो ठेवा. आणि फेऱ्या झाल्या की लगेच चावी बंद करू नका, एक-दोन मिनिटं इंजिन सावकाश चालू द्या, नाहीतर आत थांबलेलं तेल जळून कोळसा होतो.

ट्युनिंग झाल्यावर डायनोवर चाकांना ९८ मिळाले. आम्हाला पुरतात.

पैशाचं शेवटी. आमचे साडेसहा लाख लागले, त्यातले सव्वा लाख एकट्या टर्बोच्या कामाला. टायर, बेल्ट, हेल्मेट, अग्निशामक सिलिंडर आणि आयशरचं भाडं सुरुवातीला कुणीच धरत नाही. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. कुणी किती दिले, कुणी किती रविवार दिले, दोन्ही लिहा. आमच्यातल्या एकाला नोकरीमुळे मध्येच पुण्याला जावं लागलं, तेव्हा त्या वहीमुळे त्याचा वाटा ठरला आणि तो आजही ट्रॅकच्या दिवशी हजर असतो. आणि वेल्डिंग कुणी केलं ते प्रत्येक सांध्यावर खडूनं लिहा, तपासणारा दुसराच असू द्या.

सांगलीला आलात तर कुपवाडला या, गाडी उघडून दाखवतो. तो चपटा झालेला पाईप शेडमध्ये खिळ्याला अजून लटकवलेला आहे. तुमच्या टर्बोचं काम सुरू व्हायच्या आधी तो एकदा हातात घेऊन बघा.