दहा बाय बाराच्या खोलीत टेबल सॉ घ्यायचा तर कोणता?

तुमचा घोळ समजला. कोल्हापुरात घरामागं १० बाय १२ ची खोली, सुट्टीच्या दिवशी प्लायची कपाटं आणि थोडंफार सागवानी काम, आणि टेबल सॉ, म्हणजे टेबलातनं गोल ब्लेड वर आलेलं करवत-मशीन, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधनं करून घ्यावं की कंपनीचं छोटं घ्यावं हा प्रश्न. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं पॅटर्न मेकर होतो, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडाचे नमुने करायचो. निवृत्त झाल्यावर घरी हाच उद्योग मांडलाय. त्यामुळं मत आधीच सांगून टाकतो: कंपनीचा छोटा घ्या, पण मोटर किती वॅटची नि ब्लेड किती इंची हे सगळ्यात शेवटी बघा. आधी फेन्स बघा, म्हणजे जिला टेकवून लाकूड पुढं ढकलायचं ती सरकती पट्टी. मग ब्लेडच्या मागं उभी असते ती पत्र्याची जीभ बघा, रायविंग नाईफ म्हणतात तिला.

फेन्सचा एवढा आग्रह का, ते आमच्या धंद्यातनं आलंय. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरला साधारण १० मिलिमीटर मोठा करायचा. एवढा हिशोब करून लाकूड कापायचं आणि फेन्स मागच्या टोकाला एक मिलिमीटर हलली की सगळं मुसळ केरात. घरच्या कपाटाला इतकी बारकाई लागत नाही हे खरं. पण फेन्स मागं ब्लेडकडं झुकली असेल तर लाकूड दोघांच्या मध्ये चेंगरतं आणि उलटं तुमच्याकडं येतं. तो प्रश्न मापाचा राहत नाही.

दुकानात जाताना स्टीलची पट्टी आणि गुण्या खिशात टाका. मशीनची पिन काढून ठेवायला सांगा. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर पेनानं खूण करा, फेन्स १०० मिलिमीटरवर लॉक करा. खुणेचा दात पुढं आणून फेन्सपर्यंतचं अंतर मोजा, मग तोच दात हातानं मागं फिरवून पुन्हा मोजा. तोच दात का, तर ब्लेड किंचित वाकडं असलं तरी मोजमाप फसत नाही. आता फेन्स सोडा, लॉक करा, असं सात-आठ वेळा करा आणि दरवेळी मोजा. शेवटी लॉक असताना मागचं टोक अंगठ्यानं जोरात दाबा. हललं, तर दुकानदारानं चहा पाजला तरी उठा. दात्याच्या पट्टीवर चालणारी फेन्स, जिला रॅक अँड पिनियन म्हणतात, ती या परीक्षेत बहुधा पास होते, कारण पुढचं नि मागचं टोक बरोबरच सरकतं.

आता रायविंग नाईफ. ही मी अंगावर शिकलोय. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी पैसे वाचवायचे म्हणून सगळे करतात तेच केलं: प्लायच्या पाटाला खाच पाडून हातातला चार इंची मार्बल कटर खालनं उलटा बसवला, वर लाकडाचं ब्लेड. गार्ड नाही, जीभ नाही. आंब्याची फळी उभी चिरत होतो. लाकडात ताण असतो, काप जसा पुढं जातो तशा दोन्ही बाजू मागं मिटतात आणि ब्लेडला चिमटा बसतो. ब्लेडचे मागचे दात वर येत असतात, ते लाकूड उचलतात आणि पुढं फेकतात. पुढं मीच उभा. आवाजसुद्धा आला नाही नीट, बरगडीच्या खाली दणका बसला आणि मी भुशात. पंधरा दिवस पोट जांभळं. सौ. म्हणाली, "कारखान्यातनं दहा बोटं शाबूत आणलीसा, आता घरात काय इरादा हाय?" कटर त्याच दिवशी पाटातनं सुटला.

ती जीभ त्या मिटणाऱ्या बाजूंच्या मध्ये उभी राहते, बस्स. पण ती ब्लेडबरोबर वरखाली झाली पाहिजे आणि तिच्या नि दातांच्या मध्ये ३ ते ८ मिलिमीटरच फट पाहिजे. जाडीही जुळावी लागते: ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड, दातांच्या कापापेक्षा पातळ. पुढं दुसरं ब्लेड घ्याल तेव्हा हे विसरू नका. पातळ कापाचं ब्लेड घातलं तर लाकूड जिभेवर अडकतं, मग लोक काय करतात? जीभच काढून ठेवतात.

उद्यमनगरच्या मशीनबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही, माझ्या आयुष्याची भाकरी तसल्याच मशीनवर भाजलीय. अँगलची चौकट, दोन एचपीची मोटर, पट्टा, जाड प्लेट. आवाज कमी, वजन भरपूर, मोटर नातवापर्यंत टिकेल. पण गार्ड आणि जीभ बहुतेकांना नसतेच, फेन्स म्हणजे शिकंजानं आवळलेला अँगल, आणि ब्लेड तिरकं करायची सोय क्वचित. वखारीत ते ठीक. एकट्या माणसानं सुट्टीच्या दिवशी, डोक्यात ऑफिस घेऊन चालवायचं मशीन ते नव्हे.

मग कुठला? मी डीवॉल्टचा डीडब्ल्यूई ७४८५ वापरतो. ब्लेड २१० मिलिमीटर, आणि फेन्स ब्लेडपासून ६२२ मिलिमीटरपर्यंत सरकते. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्लायचा पत्रा १२२० मिलिमीटर रुंद असतो, त्याचा अर्धा ६१०. म्हणजे पत्रा मधोमध चिरता येतो. उणीव अशी की काप ६५ मिलिमीटर खोल. प्लायला हे डोक्यावरनं पाणी, पण ३ इंची सागवानी पाय, म्हणजे ७६ मिलिमीटर, एका दमात जात नाही, उलटून दोनदा चिरावा लागतो. देव्हाऱ्याचे, चौरंगाचे जाड पाय जास्त करणार असाल तर बॉशचा जीटीएस १० जे बघा. त्याचं ब्लेड २५४ मिलिमीटर आणि काप ७९. फेन्स मात्र तेवढी लांब जात नाही. दोन्हीत युनिव्हर्सल मोटर आहे, म्हणजे किंचाळणारी. कानाला मफ लावा आणि गल्लीची दुपारची झोप सांभाळा.

अख्खा ८ बाय ४ चा पत्रा मात्र या मशीनवर एकट्यानं चढवू नका. १९ मिलिमीटरचा पत्रा तीसेक किलोच्या वर भरतो, तो सांभाळताना फेन्सवरचं लक्ष सुटतं. दुकानातच मोठे तुकडे करून आणा, नाहीतर जमिनीवर थर्माकोल पसरून हातातल्या सर्क्युलर सॉनं मोठे तुकडे पाडा, मग टेबलावर नेमक्या मापाला आणा.

खोलीत मशीन कोपऱ्यात ठेवायचा मोह होईल. ८ फुटी पट्टी चिरायला ब्लेडच्या अलीकडं ८ फूट आणि पलीकडं ८ फूट लागतात, तुमच्याकडं आहेत १२. मशीनचं मागचं तोंड दाराकडं करा, कापलेली पट्टी अंगणात निघू दे. पावसाळ्यात त्रास होतो, मी दारावर ताडपत्रीची झडप केलीय. भुसाही दाराकडंच जातो, तरी व्हॅक्युमचा पाईप जोडा आणि मास्क घाला. सागवानाच्या धुळीनं मला अजून शिंका येतात, आणि कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९५ सालीच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवलीय.

ब्लेडचं थोडक्यात: चिरायला २४ दाती, लॅमिनेट लावलेल्या प्लायला ६० दाती. मशीनबरोबर मिळणारं सुरुवातीला चालतं.

राहिला प्लग. माझ्या डीवॉल्टची मोटर १८५० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला ८ अँपिअर, सुरू होताना त्याहून किती तरी जास्त. ६ अँपिअरच्या सॉकेटवर, तेही कूलरच्या एक्स्टेन्शनवरनं, चालवू नका. मशीन घरी यायच्या आधीच वायरमनला बोलवून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि वेगळा एमसीबी करून घ्या. आमच्याकडं हे उलट्या क्रमानं झालं, आणि पहिल्याच कापाला मिक्सरसकट स्वयंपाकघर बंद पडलं.