लेडविजचा विलाप आणि अभंगाचा साचा

प्रश्न : फ्रान्सिस लेडविज या आयरिश कवीची थॉमस मॅकडोना या बंडखोर आयरिश कवीवरची बारा ओळींची शोककविता मराठीत करून गावच्या साहित्य संमेलनात वाचायची आहे. मुक्तछंदात केली, पण गद्यासारखी वाटते. शिवाय त्यातला ‘बिटर्न’ पक्षी मराठीत कसा आणावा?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मुक्तछंद सोडा, मोठा अभंग घ्या. लेडविजने जुन्या आयरिश कवितेतली यमकाची रीत इंग्रजीत आणली : ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या मध्याशी जुळतो. ‘क्राय’ला ‘स्काय’, ‘ब्लोज’ला ‘स्नोज’. आता ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ मोठ्याने म्हणा. ‘विटेवरी’ला ‘कटावरी’ नेमकं तिथेच भेटतं! 6-6-6-4 अक्षरांचा एक चौक म्हणजे मूळच्या दोन ओळी. कडव्याला दोन चौक, कवितेला सहा. मुळात दुसरी-चौथी ओळही जुळते, म्हणून दोन्ही चौकांचे चार अक्षरी चरण जुळवावे लागतील. गाडी अडते ती इथेच. ते दोन शब्द आधी पक्के करा, मग मागे या. पहिल्या कडव्याच्या उत्तरार्धात मधलं यमक कवीनेही सोडलंय, तुम्हीही ओढाताण करू नका. अक्षरं कमी पडली म्हणून ‘हो’, ‘बा’, ‘रे’ भरलंत तर विलापाचं भजन होईल.

बिटर्न बगळ्याच्या कुळातला, पाणथळीच्या गवतात दडणारा. विणीच्या दिवसांत नराचा आवाज रिकाम्या घागरीत फुंकल्यासारखा घुमतो. नुसतं ‘बगळा’ लिहिलंत तर ऐकणाऱ्याला भाताच्या खाचरातला पांढरा मुका पक्षी दिसेल. ‘घुमता’ हे विशेषण हवंच. कोकीळ तर नकोच, कारण बिटर्नवरचीच एक जुनी आयरिश कविता मॅकडोनाने इंग्रजीत आणली होती. शेवटच्या कडव्यातली काळी गाय म्हणजे आयर्लंड. तिला ‘कपिला’ केलंत की पूजेचं ताट पुढे येतं. मार्चमधलं हिमही राहू द्या, त्याच्या जागी पळस फुलवू नका.

वाचनाआधी एवढं सांगा : आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916च्या ईस्टर उठावानंतर, 3 मे रोजी, मॅकडोनाला ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या, आणि लेडविजच्या अंगावर तेव्हा त्याच ब्रिटिश सैन्याची वर्दी होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या मुलखात हा पेच फोडून सांगायला नको. स्लेनच्या या शेतमजुराने गावाकडे रस्त्याची कामंही केली होती. पहिल्या महायुद्धात, 31 जुलै 1917ला, बेल्जियममधल्या ईप्रजवळ रस्त्याच्याच कामावर असताना तोफगोळा पडून तो गेला. वय 29. ही माहिती कवितेनंतर ठेवलीत, तर पहिलं कडवं नुसतं पाऊस-पाखरांचं वाटून निघून जाईल.