आधी हात दाखवून ये, मग वर्गणी

देवगडजवळच्या एका वाचक बाईचं चार पानी पत्र आलंय, थोडक्यात सांगते. वय 46, दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला, परळला टाटामध्ये आठ किमो, ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, आता रिपोर्ट चांगले आहेत. त्या दिवसांत दादरच्या एका धर्मशाळेने ठेवून घेतलं म्हणून तिथल्या पेशंटसाठी एक लाख जमवायचं ठरवलंय, घरच्या हापूसच्या पेट्या विकून आणि व्हॉट्सॲपवर वर्गणी मागून. जमले 14 हजार. सासूबाई म्हणतात भीक मागतेस आणि वर आजार गावभर सांगतेस, मुलीचं लग्न कसं जमायचं. मुंबईकर नातेवाईकांचा ग्रुप मेसेज वाचून गप्प. सोडून देऊ का, असं विचारलंय.

बाय, सोडू नको. पण तिसऱ्या पानावर तू एक वाक्य असंच लिहून पुढे गेलीस, की डाव्या हातातल्या बांगड्या हल्ली रुततात, पेट्या उचलून असेल. मी तिथेच थांबले. ऑपरेशन त्याच बाजूचं ना, काखेतल्या गाठी काढल्यात ना? मग तो थकवा समजू नको. गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी नीट उतरत नाही, सूज येते, आणि सुरुवातीला दाखवलं तर व्यायाम, मसाज, घट्ट बाही घालून ती ताब्यात राहते, अंगावर काढली तर हात जड आणि कडक होत जातो. माझ्या वहिनीने असंच अंगावर काढलं, आज तिला ब्लाऊजची एक बाही वेगळी शिवावी लागते. बांगड्या आजच काढ, निघत नसतील तर कापून काढ, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या हाताने पेटी उचलू नको. भरायला बस, उचलायला घरातले बाप्ये आहेत.

आता भीक. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या त्यांनी लोकांकडूनच पैसे घेतले, स्वतःजवळ ठेवलं काय तर झाडू आणि खापर. सासूबाईंना हे शांतपणे सांग, भांडून नको, त्यांनीच तुझ्या पथ्याची पेज दोन वर्षं केली असं तूच लिहिलंयस. त्या घाबरल्यात गं, दुसरं काही नाही. आणि लग्नाचं म्हणशील तर आधी मुलीलाच विचार, तिच्या आईची गोष्ट आहे, किती सांगायची ते तिलाही ठरवू दे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात हेही दोघींना माहीत असू दे, फक्त तुला पन्नाशीच्या आत झालाय म्हणून पुढच्या चेकअपला मुलीच्या दृष्टीने जेनेटिक टेस्टचं विचारून घे.

ग्रुप गप्प का, तर तुझा मेसेज मी वाचला, त्यात तुझं दुखणं आहे आणि शेवटी एक लाख. माणसाला कळतच नाही आपण किती द्यायचे, मग तो हात जोडलेला इमोजी टाकतो किंवा तेही नाही. त्यापेक्षा तुला माहिताय ते लिही. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ असतं, पण तुतारी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरल्यावर पुढे काय, 21 दिवसांनी परत किमो, मध्ये रक्त तपासणी, गावाला ये-जा झेपत नाही, सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण कोण बघणार. धर्मशाळेला फोन करून एका पेशंटचा आणि सोबत्याचा आठवड्याचा खर्च विचार आणि तेवढाच आकडा माग.

आणि पैसे तुझ्या जीपेवर घेऊ नको, त्यात आंब्याचेही येतात, उद्या कोणी हिशोब विचारला तर तुलाच त्रास. स्वतःच्या नावावर वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तशी. त्यापेक्षा देणाऱ्याने सरळ संस्थेच्या खात्यात टाकावेत, पावती त्यालाच मिळेल. संस्थेकडे 80जी, म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी मान्यता, आहे का विचार, जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्यांना ती सूट मिळते, पण 2000 च्या वर रोख दिले तर नाही.

शेवटच्या पानावर तू शेजारच्या कॉटवरच्या रत्नागिरीच्या बाईचं लिहिलंयस. दोघींचा किमो एकाच दिवशी असायचा, तिने तुला तिचा निळा स्कार्फ दिला, आणि ती गेली. तो स्कार्फ धुवायचाही धीर होत नाही म्हणतेस. मला वाटतं हा एक लाखाचा आकडा तिथून आलाय. तू वाचलीस यात तिचं काही घेतलेलं नाहीस बाय, त्यामुळे परत करायचंही काही नाही. तिच्यासाठी कर, जरूर कर, पण या मोसमात 25 हजार झाले तरी ते पूर्णच आहेत. तिच्या घरी एक फोन कर. मुलं असतील, त्यांना आईबद्दल तुझ्याकडून ऐकायचं असेल, ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?

सोमवारी हात दाखवून ये आणि काय म्हणाले ते मला दोन ओळी लिही, मी वाट बघतेय.

तुझी मावशी