जन्मठेप म्हणजे १४ वर्षंच ना? मग खुनाला एवढीच शिक्षा न्याय्य आहे का?

हा समज पारावरच्या गप्पांपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे आहे, पण चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गांधीहत्येत जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केलंय. १४ वर्षं आली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७८ च्या दुरुस्तीतून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर तेवढी वर्षं भोगल्याशिवाय सरकारला सूट देता येत नाही, म्हणजे कैद्याला मुदतीआधी सोडता येत नाही. (राष्ट्रपती-राज्यपालांचा माफीचा अधिकार वेगळा.) म्हणजे ती किमान मुदत झाली, सुटकेची तारीख नव्हे.

मला खटकतं ते वेगळंच. शिक्षा भर कोर्टात, कारणं लिहून होते. सूट मात्र फायलींमध्ये ठरते. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांचा बिल्किस बानो खटला मुंबईत चालला. त्यात जन्मठेप झालेले ११ जण गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ ला सोडले. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सूट रद्द केली, कारण शिक्षा महाराष्ट्रात झाली तर निर्णयही महाराष्ट्र सरकारचाच. सगळे पुन्हा आत गेले.

सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यातल्या निकालापासून वरची कोर्टं 'अमुक वर्षं सूट नाही' असं निकालातच लिहू शकतात. क्रूर गुन्ह्यांत मला तेच बरं वाटतं. निदान पीडितांच्या घरच्यांना आकडा तरी कळतो, दर पंधरा ऑगस्टला पेपर धुंडाळत बसावं लागत नाही.