वर्गणी, देणगी आणि फुकट्या

प्रश्न असा आहे: गिरगावातल्या एका चाळीत सीसीटीव्हीसाठी पैसे जमवायचे आहेत. सूचनेत 'वर्गणी' लिहावं की 'देणगी'? आणि पैसे न देणाऱ्याला 'फुकट्या' म्हणावं का?

वर्गणीच लिहा. त्या शब्दात 'आपला वाटा' आहे, म्हणून वर्गणी ठरवता येते, मागता येते, ती थकते. देणगी थकत नाही. मुंबईत माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता, माहीमचा कॉजवे, देणगीचा: सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, अट घातली की टोल घ्यायचा नाही, आणि १८४५ साली तो खुला झाला. टोल बसता, तर न भरणाऱ्याला अडवता आलं असतं.

कॅमेऱ्याचं तसं नाही, आणि 'वर्गणी'ची गोम इथेच आहे. मासिकाची वर्गणी थकली की अंक बंद. ती खरं तर किंमतच. न भरणाऱ्याच्या दारापुरता कॅमेरा मात्र बंद ठेवता येत नाही. अर्थशास्त्रात याला 'सार्वजनिक वस्तू' म्हणतात: कुणाला वगळता येत नाही, आणि एकाने लाभ घेतला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. (पारिभाषिक शब्द फसवा आहे. ऐकताच सार्वजनिक नळ आठवतो, आणि तिथे तर रांग लागते!)

म्हणून 'फुकट्या' नेमका बसत नाही. फुकट्या तुमच्या ताटातली भजी संपवतो. हा काहीच संपवत नाही, फक्त रक्कम पुरी होऊ देत नाही. 'आयत्या बिळावर नागोबा' तर बिळाचा मालकच होतो. 'वर्गणीबुडवा'ही नको, बुडवायला आधी रक्कम ठरून थकावी लागते, इथे ती अजून ठरायची आहे. 'कामचुकार'च्या चालीवर 'वर्गणीचुकार' बरा.

आता मजकूर. २० खोल्या, खर्च ४०,००० असेल तर 'खोलीमागे २,००० रुपये. ठरल्या तारखेपर्यंत ४०,००० न जमल्यास पैसे परत' असं लिहा. २८,००० जमून पाऊण कॅमेरा बसत नाही, आणि पैसे अडकतील या धास्तीने देणारेही थांबतात. ती धास्ती याने जाते. 'बाकीचे देतीलच' ही आशा जात नाही. तिच्यासाठी भरलेल्या खोल्यांचे क्रमांक फळ्यावर लावा. दुरुस्तीची रक्कमही आताच धरा. नंतर मागाल तर हात आखडलेले असतील: अर्थशास्त्रातल्या सामाईक खात्याच्या प्रयोगांत (हातातले पैसे स्वतःकडे ठेवायचे की सगळ्यांच्या खात्यात टाकायचे, हे प्रत्येकाने दर फेरीला ठरवायचं) लोक पहिल्या फेरीत हातातल्या पैशांपैकी साधारण ४० ते ६० टक्के टाकतात, पुढे फेरीगणिक हात आखडतो.

'यथाशक्ती' मात्र लिहू नका. तो शब्द आला की वर्गणीची देणगी झाली.