ख्रिस्ती प्राथमिक शाळेतल्या उपक्रमांत पालकांनी किती आणि कसा भाग घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर बेळगावजवळच्या खेड्यातलं, मराठी आणि हिंदू. मुलगी यंदा शहरातल्या ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत गेली. डायरीत दर आठवड्याला कसली ना कसली सूचना येते. वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्टला, आईला इंग्रजीत बोलायचा संकोच. आणि प्रार्थना, नाताळ यांत मुलीला किती सामील होऊ द्यायचं, हा घोर.

घोर आधी मिटवू. या शाळांत धर्माशी संबंध येणाऱ्या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि पालक त्या एकत्र करून घाबरतात. पहिली, सकाळची असेंब्ली: प्रार्थना, एखादं गाणं, सुविचार, राष्ट्रगीत. दुसरी, नीतिशिक्षणाचा तास: खरं बोलणं, वाटून खाणं, आजाऱ्याची विचारपूस. हा तास सगळ्या मुलांना असतो. तिसरी गोष्ट म्हणजे धर्मशिक्षण आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. ती ख्रिस्ती मुलांपुरती असते. त्या तासाला बाकीची मुलं बहुधा नीतिशिक्षणालाच बसतात. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कॅथलिक पंथातल्या बिशपांच्या (वरिष्ठ धर्मगुरूंच्या) अखिल भारतीय परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि असेंब्लीत घटनेची उद्देशिका म्हणून घ्या.

म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापिकांच्या नावे चार ओळींचा अर्ज द्या: मुलगी असेंब्ली, नीतिशिक्षण, नाटक, गाणी यांत भाग घेईल, उपासनेत बसवू नये. किंवा बसवलेली चालेल, तर तसं लिहा. अर्ज मराठीत चालतो, एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवा. असे अर्ज शाळांना नवीन नाहीत, त्यावरून कुणी मुलीकडे वाकड्या नजरेनं बघत नाही. गडबड होते ती घरी कुरकुरत राहून शाळेत काहीच न बोलल्यामुळे. मग डिसेंबरात ऐन तालमीच्या वेळी मुलीचं नाव काढलं जातं आणि रडते ती मुलगी.

आता उपक्रम. जून ते ऑगस्ट आपल्याकडे पावसाचे, त्यामुळे मैदानावरचं सगळं पुढे जातं आणि वर्गातल्या गोष्टी आधी होतात. त्यातला तुमच्या घराला सगळ्यात सोपा म्हणजे आजी-आजोबांचा दिवस. २६ जुलै हा मरियेच्या आईवडिलांचा, म्हणजे येशूच्या आजी-आजोबांचा सण. त्या सुमाराला बऱ्याच कॅथलिक शाळा आजी-आजोबांना बोलावतात. तिथे इंग्रजीचा काही संबंध नाही. आजीला जात्यावरच्या दोन ओव्या किंवा भातलावणीचं गाणं म्हणू दे. चार-पाच मिनिटं पुरे, पहिलीची मुलं त्यापुढे बसत नाहीत. आदल्या दिवशी मिसना विचारून घ्या की खुर्ची आहे ना आणि वर्ग तळमजल्यावर आहे ना. पावसात ओल्या जिन्यावरून वयस्कर माणसाला वर नेणं ही या कार्यक्रमातली नेहमीची चूक असते.

८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत त्याच्या आधीचे नऊ दिवस मुलं फुलं वाहतात आणि सणाच्या दिवशी नव्या कणसाला आशीर्वाद देतात. आपल्या नव्याच्या पूजेशी त्याचं नातं लगेच कळतं. परसातली शेवंती, झेंडू, सदाफुली मुलीच्या हाती द्यायला हरकत नसेल तर फुलं ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. प्लॅस्टिकमध्ये व्हॅनच्या तासाभराच्या फेरीत ती काळी पडतात.

इस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस उपवासकाळ. त्यात मूठमूठ तांदूळ गोळा करून गरजूंना देतात. यात तुम्ही मनापासून भाग घ्या, कारण मुलीला हे समजतं. घरी एक डबा ठेवा, रोज भात रांधताना तिच्याच हातानं एक मूठ त्यात टाकू दे. सहा वर्षांच्या मुलीची मूठ साधारण २०-२५ ग्रॅमची, म्हणजे चाळीस दिवसांत किलोच्या आसपास. शेवटच्या दिवशी दुकानातून पाच किलोची पिशवी आणून दिली तर त्यातून ती काहीच शिकत नाही.

आता नाताळ, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पालकांची खरी गरज इथेच लागते. वर्गासाठी कागदी तारा करायचा असतो. ज्याला आकाशकंदील बांधता येतो त्याला हा जमतोच. बुरुडाकडून सेंटिमीटरभर रुंदीच्या बांबूच्या कामट्या आणा: ६० सेंटिमीटरच्या दहा, १२ सेंटिमीटरच्या पाच. ओल्या असतील तर तीन दिवस सावलीत वाळवा. ओल्या कामटीवर बांधलेली गाठ कामटी आकसली की सैल पडते आणि तारा शाळेत पोचेपर्यंत लोंबतो. प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांकडून २३ सेंटिमीटरवर खूण करा. पाच कामट्या एकीवरून एकीखालून घालत पाच टोकांची चांदणी करा. आधी फक्त टोकं सुती दोऱ्यानं बांधा, मग कामट्या सरकवत खुणेवर खूण आणा आणि आतल्या पाच जागा बांधा. खुणेशिवाय बांधलं की एक पाकळी लांब, एक बुटकी होते. अशा दोन चांदण्या एकावर एक ठेवून टोकं जोडा. मग आतल्या पाच जोडांत छोट्या कामट्या उभ्या अडकवा, म्हणजे तारा फुगतो. छोटी कामटी १२ सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका, टोकाच्या गाठी सुटतात.

इथपर्यंतचं काम मोठ्यांचं. कागद चिकटवणं मुलांचं. पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ: कपभर पाण्यात दोन चमचे मैदा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. खळीत मोरचूद घालायची जुनी सवय आपल्याकडे आहे. मुलं हात घालणार असतील तर अजिबात घालू नका, ते विष आहे. मागची एक पाकळी उघडी ठेवा आणि आत पाच वॅटचा एलईडी बल्ब सोडा. जुना पिवळा बल्ब तापून कागद करपतो. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दोन शनिवारच्या दुपारी तारा पूर्ण होतो. वडिलांची शिफ्ट असेल तर सांगाडा घरी बांधून पाठवला तरी ते सहभागच आहे. सभेला हजर राहणं म्हणजेच सहभाग, असं मी मानत नाही.

गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या नाटुकल्यात मरिया, योसेफ, देवदूत, मेंढपाळ आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक असतात. तुमच्या मुलीला मेंढपाळाचं काम मिळालं तर कमी समजू नका, गोष्टीत बातमी सगळ्यात आधी त्यांनाच कळते. घोंगडी घरात असेलच, पण अख्खी घोंगडी लहान मुलीच्या खांद्यावरून घसरते. जुनी फाटकी अर्धी कापून घ्या, मानेशी दोन टाके घाला. देवदूत झाली तर सॅटिनच्या झग्याखाली बनियन आणि लेगिंग हवंच. डिसेंबरात बेळगावची संध्याकाळ चांगलीच गार असते आणि मुलं पडद्यामागे तास-दीड तास उभी असतात. भाड्याचा पोशाख घ्यायचा तर तीन आठवडे आधी सांगून ठेवा. सगळ्या शाळांचं गॅदरिंग त्याच पंधरवड्यात येतं आणि शेवटी उरतात ते मोठ्या मापाचे.

खाण्याचं आधी विचारा. नाताळच्या केकमध्ये अंडं असतं, घरच्या केकमध्ये कधी रमही. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, आणि कुलकुल म्हणजे काट्याच्या पाठीवर वळलेले गोड शंकरपाळे म्हणा. त्यांत अंडं असेलच असं नाही, तरी विचारून खात्री करा. तुम्ही अंडं खात नसाल तर डायरीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा. डबा वाटून खायची सवय तिथे लावतात आणि एवढ्या लहान मुलीनं हातातला घास परत देणं कठीण असतं.

भाषेचं सांगतो. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं कन्नड शिकणं सगळ्या शाळांत सक्तीचं झालं, त्यामुळे मुलीला इंग्रजी आणि कन्नड दोन्ही नव्यानं आणि मराठी घरची. कन्नड गाणं किंवा कविता पाठ करायला दिली तर शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकूंकडून फोनवर आवाज भरून घ्या. देवनागरीत लिहून पाठ करून घेतलं की ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि चुकीचं पक्कं होतं. पालकसभेत मिसशी मराठीत बोला. बेळगावच्या शाळांत मराठी समजणारं कुणी ना कुणी असतंच आणि संकोचापायी गप्प बसणाऱ्या आईचं मूल शिक्षकांच्या नीट लक्षात येत नाही, हे खरं आहे.

पैसे मागितले तर आधी विचारा, फीमधले की ऐच्छिक, आणि पावती घ्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांना न विचारता टाकू नका.

या शनिवारी शाळा सुटल्यावर क्लास टीचरना भेटा आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: शिफ्ट कुठल्या आठवड्यात कुठली आहे, भातलावणीमुळे कुठले दिवस येता येणार नाही, आणि हातानं काय काय करता येतं. शिवण, कामट्या, स्वयंपाक, इस्त्री, काहीही. तो कागद टीचर आपल्या डायरीच्या मागच्या कप्प्यात ठेवतात, आणि गरज पडली की पहिला फोन तुम्हालाच येतो.